सावलीतले प्रशिक्षक

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन लॅक्रॉसमध्ये विजयाचे छायाचित्र मुख्य प्रशिक्षकाचे निघते. पण खेळाडू हेरणारा, त्याला घडवणारा आणि रात्र रात्र जागून डावपेच आखणारा सहायक मात्र त्या छायाचित्रात कडेला उभा असतो. त्याच्या उमेदवारीची ही कहाणी.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार अमेरिकेत सुटीचा असतो. युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे त्या दिवशी स्मरण केले जाते आणि त्याच दिवशी महाविद्यालयीन लॅक्रॉसचा अंतिम सामनाही रंगतो. २६ मे २०२५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉक्सबरोच्या जिलेट स्टेडियमवर कॉर्नेल विद्यापीठाने मेरीलँडचा १३-१० असा पराभव केला आणि तब्बल ४८ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद परत मिळवले. मैदानावर एकच जल्लोष झाला. खेळाडूंनी हेल्मेटे हवेत भिरकावली आणि कॅमेरे मुख्य प्रशिक्षक कॉनर बुझेक यांच्याकडे वळले.

बुझेक याच विद्यापीठाचे २०१५ सालचे पदवीधर. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ते याच संघाचे सहायक प्रशिक्षक होते. त्यांच्या आधीचे मुख्य प्रशिक्षकही एके काळी इथलेच सहायक होते. त्यांच्याही आधीचे तसेच, आणि त्याच्याही आधीचे तसेच! विजयाच्या त्या क्षणामागे दोन तपांची अशी एक साखळी होती. तिच्यातला प्रत्येक दुवा कधी ना कधी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली राबला होता.

मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करणाऱ्या या मंडळींचे आयुष्य मोठे विलक्षण असते. पगार बेताचा, तोही सगळ्यांना मिळत होता असे नाही. बिऱ्हाड कधी उचलावे लागेल याचा नेम नाही. साहेबाची नोकरी गेली की आपलीही जाण्याची धास्ती. आणि वर्षानुवर्षे वाट पाहूनही पहिल्या खुर्चीवर बसायला मिळेलच याची खात्री नाही. तरीही दरवर्षी शेकडो तरुण या वाटेला लागतात.

मुंबईत उघडलेले दार

लॅक्रॉस हे नाव आपल्याकडे अजून फारसे कानावर पडत नाही. पण या खेळाच्या अलीकडच्या इतिहासात मुंबईचे नाव कायमचे कोरले गेले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश करण्याचा निर्णय तिथेच झाला आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी तो मोठ्या मथळ्यांनी छापला. त्याच निर्णयाने आणखी चार खेळांना प्रवेश मिळाला. त्यांतला एक लॅक्रॉस. १९०४ आणि १९०८ नंतर पदकासाठी हा खेळ ऑलिंपिकमध्ये खेळला गेलेला नव्हता. २०२८ मध्ये तो सहा-सहा खेळाडूंच्या छोटेखानी स्वरूपात होईल.

महाविद्यालयीन पुरुषांचा खेळ मात्र दहा-दहा खेळाडूंचा. एक गोलरक्षक, तीन बचावपटू, तीन मधल्या फळीतले आणि तीन आक्रमक. प्रत्येकाच्या हातात एक काठी आणि काठीच्या टोकाला विणलेली छोटी जाळी. घट्ट रबराचा चेंडू या जाळीत झेलायचा, तिच्यातच सांभाळत धावायचे आणि तिनेच प्रतिस्पर्ध्यांच्या गोलात भिरकावायचा. हॉकीची काठी, फुटबॉलचे धावणे आणि कबड्डीची अंगलट या तिन्हींची आठवण एकाच वेळी व्हावी असा हा प्रकार. पुरुषांच्या खेळात अंगाला अंग भिडवायला आणि काठीने काठीवर प्रहार करायला मुभा असल्याने हेल्मेट आणि जाड हातमोजे घालावेच लागतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव होतात आणि खेळ सुरू असतानाच खेळाडूंची अदलाबदल चालू राहते.

हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींचा. हॉडेनोशोनी, म्हणजेच इरोक्वॉय लोक आजही त्याला देवाने दिलेला खेळ मानतात. सतराव्या शतकात तिथे आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी त्याला लॅक्रॉस हे नाव दिले. पुढे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या शाळा-महाविद्यालयांत तो रुजला. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९७१ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. तिच्या अंतिम सामन्यातही कॉर्नेल आणि मेरीलँड हेच समोरासमोर होते आणि तेव्हाही कॉर्नेलच जिंकले होते, १२-६ असे.

पडद्यामागचा कारभार

आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ म्हटला की एक क्रीडाशिक्षक आणि फार तर एखादा मदतनीस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हे स्वतंत्र विश्व आहे. पहिल्या श्रेणीत पुरुष लॅक्रॉसचे सत्तरहून अधिक संघ आहेत. एकेका संघात चाळीस-पन्नास खेळाडू. एवढा बारदाना एकट्या माणसाने सांभाळणे अशक्यच. म्हणून कामाची वाटणी होते. एक सहायक आक्रमण पाहतो, दुसरा बचाव. गोलरक्षकाला घडवणारा वेगळा. प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यभागी दोन खेळाडू चेंडूसाठी वाकून झुंजतात, त्या झुंजीची तालीम घेणारा आणखी वेगळा.

सामना नसलेल्या दिवशी सहायकाचे काम जास्त असते. प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या चित्रफिती पाहायच्या, त्यांचा डावखुरा आक्रमक कोणत्या बाजूने वळतो, त्यांचा गोलरक्षक खालचा चेंडू अडवताना कुठे चुकतो, याच्या नोंदी करायच्या. पूर्वी या चित्रफिती कॅसेटवर टपालाने येत आणि सहायक त्या पुन्हा पुन्हा मागे-पुढे फिरवून पाहत. आता हे काम संगणकावर होते. पण त्यासाठी जागावे तितकेच लागते. २०१९ च्या मोसमापासून ८० सेकंदांच्या आत गोलवर फटका मारण्याचे बंधन आले आणि खेळ वेगवान झाला. त्याबरोबर आक्रमणाची आणि बचावाची सगळी गणिते सहायकांना नव्याने मांडावी लागली.

सामन्याच्या दिवशी बाकाशेजारी उभा राहून अदलाबदल सांभाळणाराही बहुधा सहायकच. मैदानावर एका वेळी एका संघाच्या चारच खेळाडूंच्या हाती लांब काठी चालते. कोणाला आत पाठवायचे आणि कोणाला बाहेर बोलवायचे, हे क्षणात ठरवावे लागते. एक पाऊल चुकले तर समोर गोल मोकळा! तो गोल बसला तर प्रेक्षकांना गोलरक्षक दिसतो, वृत्तपत्रांना मुख्य प्रशिक्षक दिसतो. चूक नेमकी कुठे झाली हे फक्त त्या सहायकाला ठाऊक असते.

याहून मोठी जबाबदारी खेळाडू हेरण्याची. उन्हाळा आला की लाँग आयलंड, बाल्टिमोर अशा लॅक्रॉसच्या बालेकिल्ल्यांत शाळकरी मुलांच्या स्पर्धांचा हंगाम भरतो. मैदानांच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून, हातात वही घेऊन सहायक प्रशिक्षक सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेले दिसतात. एके काळी आठवी-नववीतल्या मुलांकडूनही विद्यापीठे शब्द घेऊन ठेवत. त्या वयातल्या मुलाला दाढीमिशी फुटलेली नसते, तो चार वर्षांनी कसा खेळेल हे कोणी सांगावे? पालक, शाळा आणि स्वतः प्रशिक्षकही या घाईला कंटाळले होते. अखेर २०१७ मध्ये नियम झाला, की शाळेच्या अकराव्या इयत्तेतील १ सप्टेंबरपूर्वी मुलाशी संपर्क साधायचा नाही. तेव्हापासून ३१ ऑगस्टची रात्र सहायकांसाठी जागरणाची ठरते. घड्याळात बाराचे ठोके पडले की फोन सुरू होतात आणि पलीकडे मुलाबरोबर त्याचे आईवडीलही जागे असतात.

पालकांशी बोलणे हीही एक कलाच. २०२५ पर्यंत एका संघाला १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येत असे आणि ती चाळीसहून अधिक मुलांत वाटायची असे. कोणाला निम्मी, कोणाला पाव, तर कोणाला काहीच नाही. अमेरिकेतल्या महागड्या विद्यापीठाची फी भरायची कशी या विवंचनेत असलेल्या घराला ‘तुमच्या मुलाला आम्ही एवढेच देऊ शकतो’ हे सांगण्याची वेळ पुष्कळदा सहायकावरच येई.

बिनपगारी उमेदवारी

या वाटेवरची पहिली पायरी फार खालची असते. पदवी मिळाली, खेळण्याचे दिवस संपले, पण खेळ सुटत नाही. मग असा तरुण एखाद्या लहान महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाला मदत करतो. त्याबदल्यात फीमध्ये सवलत आणि जेमतेम हातखर्च. तिथे नाव झाले तर पहिल्या श्रेणीतल्या संघात प्रवेश, आणि तो प्रवेश बऱ्याचदा ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ म्हणून.

स्वयंसेवक म्हटले की आपल्याला गणेशोत्सवातला बिल्ला लावलेला कार्यकर्ता आठवतो. इथला स्वयंसेवक मात्र पूर्ण वेळ राबणारा. पुरुष लॅक्रॉसच्या संघात एक मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी सहायक आणि एक स्वयंसेवक असा एनसीएएचा नियम होता. स्वयंसेवकाला विद्यापीठाच्या क्रीडाविभागाने पगार द्यायचा नाही, नोकरीच्या इतर सवलतीही द्यायच्या नाहीत. शिवाय खेळाडू हेरण्यासाठी त्याने विद्यापीठाच्या आवाराबाहेर जायचे नाही. म्हणजे जे काम शिकल्याशिवाय पुढची बढती मिळायची नाही, तेच काम करायची त्याला बंदी!

मग पोट कसे भरायचे? उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरे घ्यायची, स्थानिक क्लबांना शिकवायचे, एखादी अर्धवेळ नोकरी धरायची. खोली मित्रांबरोबर वाटून घ्यायची. ज्याच्या घरी थोडे पैसे आहेत त्यालाच ही उमेदवारी परवडे. गरीब घरातला होतकरू खेळाडू या पायरीवरच अडखळून दुसऱ्या धंद्याला लागे. किती चांगले गुरू या खेळाने असे गमावले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

हा प्रश्न एकट्या लॅक्रॉसचा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेसबॉलच्या स्वयंसेवक प्रशिक्षकांनी एनसीएएविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सगळ्या विद्यापीठांनी मिळून एखाद्या नोकरीचा पगार शून्य ठरवणे हा स्पर्धेच्या कायद्याचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाठोपाठ इतर खेळांच्या प्रशिक्षकांनीही दावा लावला. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने पहिल्या श्रेणीतून ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ हे पदच काढून टाकायचे ठरवले आणि १ जुलै २०२३ पासून ते बंद झाले. लॅक्रॉसच्या संघांना तिसरा पगारी सहायक नेमण्याची मुभा मिळाली. बेसबॉलचा दावा सुमारे ४.९ कोटी डॉलरवर मिटला. इतर खेळांच्या सात हजारांहून अधिक प्रशिक्षकांच्या दाव्यात ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याची तयारी एनसीएएने २०२५ मध्ये दाखवली. ज्या कामाला वर्षानुवर्षे ‘हौस’ म्हटले गेले ते काम होते, एवढे तरी त्यामुळे मान्य झाले.

अर्थात मुभा मिळणे वेगळे आणि पैसे मिळणे वेगळे. तिसरा पगार द्यायचा की नाही हे शेवटी विद्यापीठाच्या तिजोरीवर ठरते. लॅक्रॉसला अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलसारखे उत्पन्न नाही. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन त्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांच्या लॅक्रॉस संघावर ४८ खेळाडूंची मर्यादा आली. पैशांचा मोठा ओघ गर्दी खेचणाऱ्या खेळांकडे वळला तर लहान खेळांच्या सहायकांचे काय, ही काळजी आता नव्याने घर करून बसली आहे.

१९ वर्षांची वाट

या व्यवसायात धीर म्हणजे काय, हे जॉन डेस्को यांच्याकडे पाहून कळावे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात लॅक्रॉसची गादी जवळजवळ वंशपरंपरेने चाललेली. रॉय सिमन्स १९३१ पासून १९७० पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव, धाकटे रॉय सिमन्स, यांनी १९९८ पर्यंत संघ सांभाळला. धाकटे सिमन्स शिल्पकारही होते आणि त्यांचा संघही कलावंतासारखा मुक्त खेळे. डेस्को त्यांच्याच हाताखाली खेळले आणि १९८० मध्ये त्यांचे सहायक झाले.

१९८३ मध्ये सिरॅक्यूजने जॉन्स हॉपकिन्सविरुद्ध १२-५ अशा पिछाडीवरून सामना फिरवून १७-१६ असे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा डेस्को बाकाजवळ होते. त्यानंतरच्या विजयांतही ते होते. वर्षे सरत गेली. १९ मोसम ते सहायकच राहिले. धाकट्या सिमन्सनी निवृत्ती घेतली तेव्हा कुठे १९९९ च्या मोसमात संघ त्यांच्या हाती आला. त्यानंतर त्यांनी २००० ते २००९ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि २०२१ मध्ये ते निवृत्त झाले. ९० वर्षांत अवघे तीन मुख्य प्रशिक्षक! अशा घरात दुसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्याने किती वाट पाहायची?

सगळ्यांना ती खुर्ची मिळते असेही नाही. याच सिरॅक्यूजमध्ये केविन डॉनह्यू यांनी आक्रमणाची बाजू जवळजवळ तीन दशके सांभाळली. आधी सिमन्स, मग डेस्को. मुख्य प्रशिक्षक बदलले, डॉनह्यू सहायकच राहिले. प्रिन्स्टन विद्यापीठात डेव्ह मेट्झबॉवर यांनी सुमारे दोन दशके अशीच साथ दिली. प्रिन्स्टनच्या सहाही राष्ट्रीय विजेतेपदांच्या वेळी आक्रमणाचे सूत्र त्यांच्या हाती होते. पुढे २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ अनपेक्षितपणे विजेते ठरले, तेव्हाही सहायकांत मेट्झबॉवर होतेच. मैफलीत नाव गवयाचे होते, पण तबलजी बसला नाही तर गाणे उभे राहत नाही. जाणकार श्रोता मान हलवतो ती कधी कधी ठेक्यालाच.

एक पायरी खाली, दोन पायऱ्या वर

मेट्झबॉवर ज्यांच्या हाताखाली होते त्या बिल टिअर्नी यांची वाट आणखी वेगळी. ते मूळचे लाँग आयलंडवरच्या शाळांतले शिक्षक आणि प्रशिक्षक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत ते मुख्य प्रशिक्षक झाले. संस्था लहान, पण खुर्ची पहिली. ती सोडून त्यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सहायकपद पत्करले! चार लोकांनी वेड्यात काढावे असाच हा निर्णय. पण हॉपकिन्सने १९८५ आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्या संघाच्या बचावाची शिस्त सगळ्यांच्या नजरेत भरली.

१९८८ मध्ये प्रिन्स्टनने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले. पहिल्या मोसमात १५ सामन्यांपैकी १३ हरले. चारच वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याच प्रिन्स्टनने सिरॅक्यूजला जादा वेळेच्या दुसऱ्या डावात १०-९ असे हरवून विजेतेपद खेचून आणले. २००१ पर्यंत अशी सहा विजेतेपदे झाली. पुढे ते पश्चिमेकडे, रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या डेन्व्हर विद्यापीठात गेले. तिथे २०१५ मध्ये मेरीलँडला १०-५ असे नमवून त्यांनी सातवे विजेतेपद मिळवले. ईशान्येच्या या खेळाचा मुकुट इतक्या पश्चिमेला पहिल्यांदाच गेला.

२०२३ मध्ये टिअर्नी निवृत्त झाले आणि त्यांची जागा मॅट ब्राऊन यांना मिळाली. ब्राऊन मूळचे कॅनडातले. डेन्व्हरचेच माजी खेळाडू आणि टिअर्नींचे वर्षानुवर्षांचे सहायक. मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच मोसमात, २०२४ मध्ये, त्यांनी संघाला राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत नेले.

उलटी वाटही असते. डेव्ह पिएट्रामाला हे जॉन्स हॉपकिन्सचे नामवंत बचावपटू. १९८७ च्या विजेत्या संघात ते खेळले. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी हॉपकिन्सला २००५ आणि २००७ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. २० मोसमांनंतर, २०२० मध्ये, त्यांचा आणि हॉपकिन्सचा संबंध संपला. अशा वेळी घरी बसायचे की पुन्हा हाताखाली काम करायचे? पिएट्रामाला आधी नॉर्थ कॅरोलिनात आणि मग सिरॅक्यूजमध्ये सहायक म्हणून रुजू झाले. ज्या सिरॅक्यूजला हरवण्यासाठी उभी हयात डावपेच आखले, त्याच संघाचा बचाव त्यांनी उभा केला. मान-अपमानाची गणिते बाजूला ठेवल्याशिवाय हे जमत नाही.

साहेब जातो तेव्हा

सहायकाची खरी कसोटी संकटात लागते. २००६ च्या वसंतात ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातील खेळाडूंवर गंभीर आरोप झाले. देशभर गदारोळ उठला, मोसम रद्द झाला आणि मुख्य प्रशिक्षकांना राजीनामा द्यावा लागला. संघ राहणार की मोडणार हेच कोणाला ठाऊक नव्हते. अशा वेळी तीनच वर्षांपूर्वी पदवीधर झालेले सहायक केविन कॅसीझ यांच्याकडे संघाची हंगामी सूत्रे देण्यात आली. ज्या मुलांचे नाव रोज वृत्तपत्रांत येत होते त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना धीर देण्याचे काम या पंचविशीतल्या तरुणाच्या वाट्याला आले. पुढच्या वर्षी राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिन्ही आरोपी खेळाडूंना निर्दोष घोषित केले. तोवर ड्यूकने बाहेरचे अनुभवी मुख्य प्रशिक्षक नेमले होते.

कॅसीझ २००८ पासून लीहाय विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि १६ मोसम तिथे राहिले. २०२३ मध्ये मात्र त्यांनी ती जागा सोडून व्हर्जिनिया विद्यापीठात सहायक होणे पसंत केले. त्यांच्यासाठी तिथे जागा रिकामी झाली तीही दुसऱ्या सहायकाच्या बढतीमुळे. व्हर्जिनियाचे शॉन कर्वन डार्टमथचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निघाले होते. कर्वन आधी ब्राऊन विद्यापीठात लार्स टिफनी यांचे सहायक होते. २०१६ मध्ये टिफनी व्हर्जिनियाला गेले तेव्हा कर्वनही त्यांच्याबरोबर बिऱ्हाड घेऊन निघाले. दोघांनी मिळून २०१९ आणि २०२१ ची विजेतेपदे मिळवली.

वाचताना ही नुसती नावांची आणि गावांची अदलाबदल वाटते. पण प्रत्येक बदलीमागे एक घर असते. पत्नीची नोकरी, मुलांची शाळा, नुकतेच घेतलेले कर्ज. आपल्याकडच्या बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या बदलीची झळ ज्यांनी सोसली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की इथे बदलीचा हुकूमही येत नाही. साहेबाने गाव बदलले की आपण ठरवायचे, बरोबर जायचे की नवा साहेब आपल्याला ठेवतो का याची वाट पाहायची.

गणितही सोपे नाही. सत्तर-पंच्याहत्तर मुख्य खुर्च्या आणि त्यांच्यामागे उभे असलेले तिप्पट सहायक. त्यातल्या बहुतेक खुर्च्यांवरची माणसे वर्षानुवर्षे हलत नाहीत.

कॉर्नेलची साखळी

म्हणूनच कॉर्नेलची गोष्ट उठून दिसते. २००० मध्ये पिएट्रामाला तिथून हॉपकिन्सला गेले तेव्हा कॉर्नेलने बाहेर शोध न घेता त्यांचे सहायक जेफ टॅम्ब्रोनी यांच्याकडे संघ दिला. टॅम्ब्रोनी दहा वर्षांनी पेन स्टेटला गेले, तेव्हा त्यांचे सहायक बेन डेलुका पुढे आले. त्यांच्यानंतर २०१४ च्या मोसमात सहायक मॅट कर्विक. त्यांच्यानंतर २०१८ मध्ये सहायक पीटर मिलिमन. आणि २०२० मध्ये मिलिमन हॉपकिन्सला गेले, तेव्हा सहायक कॉनर बुझेक. एकापाठोपाठ पाच मुख्य प्रशिक्षक, पाचही घरातलेच सहायक! बुझेक स्वतः डेलुका आणि कर्विक यांच्या हाताखाली खेळले होते आणि मिलिमन यांच्या हाताखाली शिकवायला शिकले होते.

सूत्रे हाती आली तीही महामारीच्या वर्षात. कॉर्नेल ज्या आयव्ही लीगमध्ये खेळते तिने २०२१ चा मोसमच रद्द केला. नव्या मुख्य प्रशिक्षकाला वर्षभर एकही सामना नाही. २०२२ मध्ये पहिल्यांदा संघ मैदानात उतरला आणि थेट अंतिम फेरीत जाऊन मेरीलँडकडून ९-७ असा हरला. तीन वर्षांनी त्याच मेरीलँडविरुद्ध हिशेब चुकता झाला.

२०२५ च्या त्या अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी उपांत्य फेरीत कॉर्नेलने हरवले होते ते पेन स्टेटला. पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक होते जेफ टॅम्ब्रोनी, या साखळीचा पहिला दुवा. अंतिम सामन्यात मेरीलँडच्या बाजूला उभे होते जॉन टिलमन. तेही कॉर्नेलचेच माजी खेळाडू आणि नौदल अकादमीच्या संघात वर्षानुवर्षे सहायक म्हणून राबून वर आलेले. म्हणजे जिंकणाऱ्याने आणि हरणाऱ्यांनीही उमेदवारी केलेली होती.

त्या दिवशी जल्लोष ओसरल्यावर खेळाडू घरच्यांना भेटायला कठड्याकडे धावले. सहायकांचे काम मात्र तिथे संपत नाही. पुढच्या आठवड्यापासून शाळकरी मुलांच्या उन्हाळी स्पर्धा सुरू होतात. घडीची खुर्ची, वही आणि पाण्याची बाटली गाडीत ठेवून पुन्हा निघावे लागते. कुठल्याशा गावच्या मैदानावर सोळा वर्षांचा एक मुलगा चेंडू जाळीत सांभाळत धावत असेल. त्याला सगळ्यात आधी पाहणारा माणूस बहुधा सहायक प्रशिक्षकच असेल.